पाहिजे : सल्लागार, वय सत्तरच्या आत

सरकारच्या पर्यावरण खात्याला एक ज्येष्ठ वैज्ञानिक सल्लागार नेमायचा आहे, असे आमच्या भंडाऱ्यात पानठेल्यावर कुणी सांगितले, तर पहिला प्रश्न विज्ञानाचा येत नाही. "बसणार कुठं?" हा येतो. म्हणजे खोली आहे का, खोलीला कूलर आहे का, आणि मे महिन्यात त्या कूलरमध्ये पाणी कोण भरणार. दुसरा प्रश्न, "गाडी भेटते का?" तिसरा जरा मान जवळ आणून, खर्ऱ्याची पन्नी चोळता चोळता, "मानूस कोनाचा हाय?" या तिन्हींची उत्तरे मिळाली की जनतेच्या लेखी भरती पूर्ण होते. सल्ला नेमका कशाबद्दल हवा आहे, हे कुणी विचारत नाही. पानठेल्याला तरी दोष कशाला द्यावा? जाहिरातीतही ते कुठे लिहिलेले असते?

सरकारी जाहिरातींचा मी जुना वाचक आहे. पद, पदसंख्या, एकत्रित मानधन, वयोमर्यादा, शुल्क, ते शुल्क परत मिळणार नाही ही ताकीद, आणि तळाशी 'कोणतेही कारण न देता भरती प्रक्रिया रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवण्यात येत आहे' हे संपूर्ण जाहिरातीतले एकमेव ठाम वाक्य. चार पानांत सगळे बसवलेले असते. माणूस आल्यावर त्याला विचारायचे काय, तेवढे राहून जाते. आणि विचारायचेच काही नसेल तर कुणीही चालतो. मग निवड माणसाची न होता त्याच्या कागदांची होते.

कागदांच्या बाबतीत आपण मागे नाही. तज्ज्ञ कोणाला म्हणावे, हे केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत परिशिष्ट जोडून सांगून टाकले आहे. खाणी, कारखाने, धरणे यांना पर्यावरण मंजुरी देण्याआधी ज्या समित्या प्रकल्प तपासतात, त्यांवर बसणाऱ्या तज्ज्ञाला त्या क्षेत्रातला पंधरा वर्षांचा अनुभव हवा, किंवा पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव. वय सत्तरच्या आत. तसा कुणी मिळालाच नाही तर पंचाहत्तरपर्यंत सवलत. पंचाहत्तरीनंतर माणसाला पर्यावरणातले कळेनासे होते, की कळलेले तो भीडभाड न ठेवता बोलायला लागतो, यावर अधिसूचना मौन पाळते.

आता समजा, आपल्या राज्याच्या खात्याने अशी जाहिरात काढलीच. खात्याचे नावही आता भारदस्त आहे. २०२० पर्यंत ते नुसते पर्यावरण खाते होते, त्यानंतर 'पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग' झाले. पाट्या, शिक्के, लेटरहेड बदलावे लागले. वातावरणीय बदलाचा राज्याला प्रत्यक्ष मोजता आलेला पहिला परिणाम तो असावा. तर जाहिरातीचा मसुदा करायला जो कुणी बसेल, तो शून्यापासून थोडाच लिहिणार? समोर मागच्या कुठल्या तरी भरतीची फाइल असेल, ती उघडून नाव बदलेल. मग अडुसष्ट वर्षांच्या शास्त्रज्ञाला २००५ च्या नियमानुसार छोट्या कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल, की मला दोनपेक्षा जास्त अपत्ये नाहीत आणि पुढेही होणार नाहीत. ज्याने हयात महासंगणकावर मान्सूनची गणिते मांडण्यात घालवली, त्याला एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र जोडावे लागेल. मसुदा लिपिकांच्या भरतीवरून उतरवलेला असेल तर मराठी टंकलेखन, वेग मिनिटाला तीस शब्द. आणि सर्व प्रती स्वसाक्षांकित. म्हणजे मी तो मीच आहे, हे मीच लिहून द्यायचे. विज्ञानात याला पुरावा मानत नाहीत. पण शास्त्रज्ञांना व्यवहार कळत नाही ही तक्रार जुनीच आहे.

मग शुद्धिपत्रके. पहिल्याने मुदत वाढते. दुसऱ्याने 'जलशास्त्र' ऐवजी 'जीवशास्त्र' वाचावे असे कळते, त्यामुळे ज्यांनी अर्ज केले ते बाद आणि ज्यांनी केले नाहीत ते पात्र ठरतात. तिसरे निघते तोवर आर्थिक वर्ष संपत आलेले असते, आणि 'पदसंख्या १' ऐवजी 'पदसंख्या ०' असे वाचायचे असते.

हे सगळे मी गमतीने लिहितो आहे असे वाटेल, म्हणून थोडे गंभीर इतिहासाकडे जाऊ. तो याहून विनोदी आहे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात लिहिले आहे की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष पर्यावरण संरक्षणाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेला असावा. वाक्य इतके सरळ आहे की त्याचे पालन करणे राज्यांना जड गेले. म्हणून १९८४ मध्ये भट्टाचार्य समितीने सल्ला दिला की जाणकार माणसे नेमा. १९९० मध्ये बेलियप्पा समितीने तोच सल्ला दिला. १९९४ मध्ये हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजने अभ्यास करून पुन्हा तोच दिला. २००५ मध्ये केंद्राने राज्यांना त्याच अर्थाचे पत्र धाडले. सल्लागार कसा नेमावा याचा सल्ला देण्यासाठी एवढे सल्लागार नेमले गेले, हे पाहिल्यावर या देशात सल्लागारांचा तुटवडा आहे असे कोण म्हणेल?

२०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने याच विषयावर निकाल दिला, आणि जून २०१७ मध्ये तर दहा राज्यांच्या मंडळाध्यक्षांना काम थांबवायला सांगितले. त्यांत आपला महाराष्ट्र होता. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने म्हटले की लवादाने आपल्या अधिकाराबाहेर पाऊल टाकले, पण त्याचे दुखणे खरे आहे, तेव्हा राज्यांनी सहा महिन्यांत पात्रतेचे नियम करावेत. लवादाचा निकाल रद्द झाला, त्याची काळजी कायम राहिली. सरकारी कामात काळजी नेहमी कायमस्वरूपी पदावर असते, माणसे तेवढी कंत्राटी. देशभरच्या प्रदूषण मंडळांतल्या अकरा हजारांवर मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचे मध्यंतरी त्याच लवादासमोर आले. म्हणजे दर दोन खुर्च्यांपैकी एकीवर कुणी नाही आणि दुसरीवर बसलेल्याकडे पहिलीचा अतिरिक्त कार्यभार.

आमच्या जिल्ह्याला या भरतीशास्त्राचा स्वतंत्र अनुभव मिळायची वेळ आली ती वैनगंगेच्या रेतीमुळे. रेती म्हणजे आमचे सोने. फरक एवढाच की सोने रात्री तिजोरीत ठेवतात आणि रेती रात्री टिप्परमध्ये भरतात. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने ठरवले की पाच हेक्टरपर्यंतच्या गौण खनिजाला मंजुरी द्यायला मुंबई गाठायची गरज नाही, जिल्ह्यातच एक प्राधिकरण असावे. कल्पना चांगली होती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य-सचिव उपविभागीय अधिकारी, सदस्य वनखात्याचे वरिष्ठ अधिकारी, आणि उरल्या एका खुर्चीवर तज्ज्ञ. लग्नाच्या ग्रुप फोटोत कोपऱ्यात उभा केलेला, अर्धा कान कापला गेलेला मावसा असतो, तसा. या प्राधिकरणाला सल्ला द्यायला दुसरी समिती, आणि तिचा अध्यक्ष पाटबंधाऱ्याचा कार्यकारी अभियंता. म्हणजे घाटाच्या लिलावातून महसूल किती आला हे ज्यांनी मोजायचे, त्यांनीच नदीला किती लागले तेही पाहायचे. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, हरित लवादाच्या हे लक्षात आले आणि काम पुन्हा राज्याकडे गेले. एवढ्या भानगडीत नदीने आपला प्रवाह थोडा सरकवून घेतला. तिने कुणाची मंजुरी घेतली नव्हती.

आता, मला कुणी विचारले की भंडाऱ्यासाठी सल्लागार नेमला तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न कोणता ठेवशील, तर मी नाग नदीचा ठेवीन. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये उतरते, कन्हान वैनगंगेला मिळते, आणि सगळे मिळून गोसीखुर्दच्या फुगवट्यात येऊन विसावते. त्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. आज आकडा अठरा हजार कोटींच्या पुढे गेला आहे. फुगवटा नुसता पाण्याचाच असतो असे नाही. पण ते असो. मुद्दा असा की धरणाआधी नदी वाहत होती, तेव्हा नागपूरची घाण आमच्यापाशी थांबत नव्हती, पुढे जात होती. आता ती मुक्कामाला असते, आणि भंडारा शहर पिते ते याच वैनगंगेचे पाणी.

यात मला कौतुक वाटते ते वाहतुकीचे. देशातली पर्यावरण अभियांत्रिकीची थोरली संस्था, नीरी, १९५८ पासून नागपुरातच आहे. आमच्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर. सांडपाणी आणि शास्त्रज्ञ एकाच शहरातून निघतात. सांडपाणी दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही, टोल न भरता आमच्याकडे पोचते. सल्ला मात्र नागपूरहून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून अभिप्रायासह पुन्हा मुंबईला असा फिरतो. नाग नदी स्वच्छ करण्याच्या सुमारे दोन हजार कोटींच्या योजनेला केंद्राची मंजुरी मिळाली तेव्हा आमच्या घाटावर धुणे धुणाऱ्या एका मावशींनी विचारले, "मंग आतापर्यंत का पाठवून रायले होते जी?" ज्येष्ठ वैज्ञानिक सल्लागाराच्या मुलाखतीत हा प्रश्न टाकून पाहण्यासारखा आहे.

आणि समजा, खरोखरच जाणकार माणूस नेमला, त्याने खरोखरच काम केले, तर? तेही आपण करून पाहिले आहे. मार्च २०१० मध्ये जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला गेला. वय, विद्या, अनुभव, कशातच खोट नव्हती. भरतीतली चूक इथेच झाली. त्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला, तो मंत्रालयाने कपाटात ठेवला. माहिती अधिकारात तो मागितला गेला, माहिती आयुक्तांनी द्या म्हटले, मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तिथे हरले, आणि मे २०१२ मध्ये अहवाल लोकांपुढे आला. आपण पगार देऊन मागवलेला सल्ला लोकांना वाचता येऊ नये म्हणून आपणच वकील लावायचा, हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडला असेल?

त्यानंतर त्या सल्ल्यावर सल्ला देण्यासाठी दुसरा गट आला, डॉ. कस्तुरीरंगन यांचा. माणूस मोठाच, इस्रोचे माजी अध्यक्ष. गाडगीळ म्हणत होते, ग्रामसभेत बसून लोकांना विचारा. नव्या गटाने उपग्रहाची चित्रे जवळ घेतली आणि एप्रिल २०१३ मध्ये घाटाचा सुमारे सदतीस टक्के भाग संवेदनशील ठरवला. एकाने जमिनीवरून पाहिले, दुसऱ्याने आकाशातून. राज्ये मधल्या उंचीवर, म्हणजे साधारण मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावर, उभी राहून दोन्हींना हरकती घेत राहिली. तेव्हापासून सल्लागार नेमताना एक अलिखित पात्रता पाहिली जाते असा माझा समज आहे : उमेदवाराने याआधी दिलेला एखादा सल्ला अमलात आला आहे का? आला असेल तर जपून.

ग्रामसभेचे म्हणाल तर आमच्या प्रत्येक गावात वैज्ञानिक सल्लागार आहेत आणि त्यांना ते ठाऊक नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. गावातली झाडे, मासे, पाखरे, औषधी, बियाणे यांची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची. राज्याचे जैवविविधता मंडळही नागपुरातच आहे, २०१२ पासून. कायदा होऊन सतरा वर्षे झाली तरी देशात काम निवांत चालले होते. मग २०१९ मध्ये हरित लवादाने सांगितले, ३१ जानेवारी २०२० पर्यंत सगळ्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर १ फेब्रुवारीपासून प्रत्येक राज्याला महिन्याला दहा लाख रुपये दंड. तेव्हा निसर्गाला कधी नव्हे ती घाई झाली. साऱ्या देशातले बेडूक, बगळे आणि बोरी एका हिवाळ्यात मोजून व्हायला हवे होते.

त्या धामधुमीत अशी एखादी नोंदवही कशी भरली गेली असेल, याचे चित्र मी मनाशी रंगवतो. ग्रामसेवक तक्ता घेऊन तलावाच्या पाळीवर उभा. समोर ढिवर समाजाचा म्हातारा जाळे सावरत बसलेला.

"बाबाजी, तलावात मासे कोनते?"

"आता का सांगू जी. मरळ हाय, बोटरी हाय, वाडीस हाय, दाढक पयले लई भेटे, आता कमी झाला. बेशरम वाढली ना. आन् पान्यातला चिला गेला, मासा अंडी कुठं घालन? सरकारी बीज सोडलं तवापासून..."

ग्रामसेवक एकदा तक्त्याकडे पाहतो, एकदा मावळत्या सूर्याकडे, आणि रकान्यात लिहितो : 'मासे : आहेत.'

म्हाताऱ्याने दोन वाक्यांत जे सांगितले तो एका प्रबंधाचा विषय आहे. पाणवनस्पती गेल्या की स्थानिक मासा जातो, हे आमच्याकडच्या तलावांवर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून दाखवून दिले. बेशरमाची झुडपे उपटायची, चिला-चौरा पुन्हा लावायचा, मग मासा परततो. पण रकाना लहान होता.

आणि बेशरम कुणी उपटायची, हा पुन्हा शास्त्राबाहेरचा प्रश्न. आमचे तलाव मालगुजारांकडून सरकारकडे आले १९५१ मध्ये. आजही त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे लाडाने 'मामा तलाव' म्हणतात. हजारोंच्या संख्येत आहेत. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारा तलाव जिल्हा परिषदेचा, त्याहून मोठा पाटबंधाऱ्याचा. त्यातला मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा. काठावर सारस उतरला तर वनखात्याचा. सारसाच्या काळजीने २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, जिल्हा समित्या झाल्या, आणि आमच्या जिल्ह्यात समितीचे सदस्य सारसांपेक्षा जास्त भरतील. पाळीवरचे अतिक्रमण महसुलाचे. पाणी नासले तर प्रदूषण मंडळाचे. राहता राहिली बेशरम. ती कोणत्या खात्यात येते म्हणून मी चौकशी केली. एक निवृत्त बाबू म्हणाले, "सगळ्याच खात्यांत आढळते."

अशा वेळी जुन्या भरतीची आठवण होते. गोंड राजवटीत म्हणे चाल होती की ज्याने तलाव बांधावा, त्याच्या पाण्याने जेवढी जमीन भिजेल तेवढी त्याला मिळावी. जाहिरात एका ओळीची, वयाची अट नाही. त्यावर कोहळी मंडळी आली आणि त्यांनी पाळी घातल्या, पाणी सोडायला तुडूम बसवले, जादा पाणी जायला सलंग काढले. लेव्हल मशीन नव्हते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथापर्यंत इंग्रजी दप्तरातही कोहळ्यांच्या या हाताची कीर्ती पोचली होती. या पद्धतीतली खुबी मला भरतीच्या अंगाने दिसते. सल्ला चुकला तर पाणी चढत नाही, पाणी नाही चढले तर जमीन नाही. मुलाखत, परिवीक्षा आणि पेन्शन, तिन्ही त्या पाळीतच.

नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो आमच्याच भंडारा जिल्ह्यात होता. त्याच्या भोवतीच्या डोंगरमाथ्यांना सात बहिणी म्हणतात, आणि त्या बहिणींनी कोलूला बांधकामात मदत केली अशी आख्यायिका आहे. सात सदस्यांची ती समिती वेळेत काम करून गेली, हे मला आख्यायिकेतले सर्वांत अद्भुत कलम वाटते. कामावर खूश होऊन लोकांनी कोलू पाटलाला देव केले. कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे आजही तिथे आहे. सेवाज्येष्ठतेने थेट देवपदी बढती, आणि तीही विभागीय परीक्षा न देता.

पुढे विसाव्या शतकात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून त्याच नवेगावबांधला आले, तेव्हा पाखरे आणि पाणी समजून घ्यायला त्यांनी तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांना गाठले. जाहिरात नाही, निविदा नाही, शेजारी जाऊन बसले आणि विचारले. त्यातून मराठीला पुस्तके मिळाली. सरकारी नोकरीत असा बेशिस्तपणा क्वचितच इतका फळतो.

पण जुने ते सारे सोने अशी भाबडी माळ मी जपत नाही. तलावाचे पाणी वाटणारा पाणकर हा जुन्या व्यवस्थेतला क्षेत्रीय अधिकारीच होता. कुणाच्या बांधीला आज पाणी आणि कुणाच्या परवा, ते त्याच्या फावड्यावर ठरे. त्याला सगळे तोंडपाठ असे, त्यात सासुरवाडीच्या बांध्याही असत. फरक एवढाच की त्याने पक्षपात केला तर सगळे गाव संध्याकाळच्या आत पाळीवर जमे. आजच्या सल्लागाराने चुकीचे लिहिले तर ते ज्याच्या बांधीत शिरते, त्याला सल्लागाराचे नावसुद्धा ठाऊक नसते.

तर मुलाखत. कल्पनेतच घेऊ, प्रत्यक्षात ती 'अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलली आहे. मंडळावर तिघे. एक निवृत्त अधिकारी, एक मंत्रालयातून आलेले, ज्यांना साडेचारची नागपूर-मुंबई फ्लाइट गाठायची आहे, आणि एक विषयतज्ज्ञ. विषयतज्ज्ञ अर्थशास्त्राचे, कारण पर्यावरणाच्या सगळ्यांनी पदासाठी अर्ज केले आहेत.

पहिल्या उमेदवाराकडे जलपर्णीवरचे शोधनिबंध पोतेभर. त्याला विचारतात, वैनगंगेचा उगम कुठे? तो सांगतो, मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. सगळे समाधानाने मान डोलावतात. नदी इथे आल्यावर तिचे काय होते, ते अभ्यासक्रमाबाहेरचे आहे.

दुसरा निवृत्त अधीक्षक अभियंता. अनुभव पस्तीस वर्षे. पर्यावरणाचा अनुभव? "आम्ही जिथे जिथे काम केले तिथे तिथे आधी पर्यावरण होते." मंडळ प्रभावित होते.

तिसऱ्या बाई. रसायनशास्त्राच्या. त्या म्हणतात, "कन्हानच्या संगमाच्या वर आणि खाली, बारा महिने पाण्याचे नमुने घेईन. त्यानंतरच काही सांगता येईल."

"बारा महिने? मॅडम, अहवाल तर मार्चअखेर लागतो. निधी परत जाईल."

"नमुन्यांशिवाय निष्कर्ष कसा काढणार?"

"निष्कर्ष आधी द्या ना. नमुने नंतर घेता येतात."

बाई प्रतीक्षा यादीत पहिल्या येतात. ही प्रतीक्षा यादी एक वर्ष वैध असते, म्हणजे नमुने घ्यायला जेवढे लागले असते तेवढेच.

निवड दुसऱ्या उमेदवाराची होते. तीन वर्षांची मुदत. पहिले वर्ष नियुक्तीपत्रावरचे पदनाम दुरुस्त करण्यात जाते, दुसरे गाडीत, तिसरे मुदतवाढीच्या अर्जात. मधल्या काळात ते एकदा भंडाऱ्याला येऊन जातात, गोसीखुर्दचा फुगवटा पाहतात, "निसर्गसौंदर्य अप्रतिम आहे, इथे बोटिंगला वाव आहे" असा शेरा देतात, आणि सोबत तांदळाची एक चुंगडी घेऊन नागपूरला रवाना होतात. तांदूळ चांगलाच असतो आमच्याकडचा, त्याला नावे ठेवायला जागा नाही.

मला कुणी विचारणार नाही, तरी जाहिरातीत माझे एक कलम घालून पाहावे अशी फार इच्छा आहे. पात्रता काय ठेवायची ती ठेवा, एमएस-सीआयटीसुद्धा ठेवा. निवासस्थानाच्या रकान्यात तेवढे लिहा : सल्लागाराला सरकारी बंगला मिळेल. तो मामा तलावाच्या पाळीखाली, सलंगाच्या अगदी समोर असेल. पिण्याचे पाणी वैनगंगेचे, नळाने, जसे येईल तसे. आरओ स्वखर्चाने लावण्यास मनाई. पाळ दुरुस्तीचा प्रस्ताव स्वतः सल्लागाराने पाठवावा व त्याचा पाठपुरावा स्वतः करावा. तीन वर्षांच्या आत बदली मिळणार नाही.

हे कलम मी पानठेल्यावर वाचून दाखवले. मंडळी विचारात पडली. अर्ज करण्यासारखे ज्याचे शिक्षण होते असा तिथे एकच जण होता, भूगोलात पीएच.डी. करून सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारा. त्याने कागद हातात घेतला, कलम दोनदा वाचले, आणि विचारले, "सर, पाळ दुरुस्तीचा प्रस्ताव जिल्हा परिषदेला पाठवाचा की पाटबंधाऱ्याला?"

कुणालाच सांगता आले नाही. त्यावरून वाद पेटला, आणि चहा आला तेव्हा दोन पक्ष पडले होते.